तक्ता क्रमांक सातमधले सर्जेराव

"सेवक-नेतृत्वावरील कोणत्याही एका संशोधनाच्या उद्देशाचे मूल्यमापन करा. मर्यादा: एक पान. गुण: वीस."

एवढाच प्रश्न होता. विश्राम मानोरकरांनी तो सकाळच्या चहाबरोबर वाचला आणि बायकोला सांगितलं, "रविवारी दुपारच्या जेवणाआधी उरकून टाकतो." ही दोन हजार सातच्या जानेवारीतली गोष्ट. 'उरकून टाकतो' असं म्हणणाऱ्या माणसाकडे नशीब जरा जास्तच लक्ष देतं, हे त्यांना त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

विश्रामराव माणच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीत प्रशासकीय सहायक होते. कंपनीत संगणकावर काय चालायचं ते त्यांना कळत नव्हतं. पण पाण्याच्या बाटल्या, बसचे पास, खुर्च्यांची निखळलेली चाकं आणि डब्यात निघालेल्या केसाच्या तक्रारी असं सगळं राज्य त्यांच्याच खांद्यावर होतं. आता त्यांच्या खात्यात अधिकाऱ्याची जागा निघाली होती आणि तिला व्यवस्थापनाची पदविका लागत होती. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गुडघे बाकाखाली कोंबून, ते पदविकेचे सगळे पेपर पास झाले होते. राहिला होता हा एक स्वाध्याय. तो मार्चअखेर मान्य झाला तर विश्रामराव अधिकारी होणार, नाहीतर अठ्ठावीस वर्षांचा कौस्तुभ अधिकारी होणार आणि विश्रामरावांनी त्याला 'सर' म्हणायचं. कौस्तुभ तसा चांगला मुलगा होता, त्यामुळे त्याच्यावर मनसोक्त चिडताही येत नव्हतं.

"काका, टेन्शन कशाला घेताय?" कौस्तुभ म्हणाला. "पौडला झेरॉक्सवाल्याकडे रेडीमेड मिळतं. नाव बदलायचं आणि द्यायचं. मला अठरा पडले."

विश्रामरावांना 'काका' लागलं, की 'रेडीमेड' लागलं, हे नक्की सांगता येत नाही. पण ते ताठ होऊन म्हणाले, "मी स्वतः लिहीन." माणसाच्या आयुष्यातली बरीचशी संकटं या तीन शब्दांतून आलेली आहेत.

आता संशोधन निवडायचं होतं. पदविका देणाऱ्या संस्थेचं नाव लोकधुरा व्यवस्थापन प्रबोधिनी. तिचं केंद्र पौडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे लग्नसराईत 'कर्मचाऱ्यांचे मनोबल' हा धडा वाजंत्रीच्या सुरात शिकावा लागे. केंद्राचे प्रमुख डॉ. नरहरी सावळेकर यांचंच सेवक-नेतृत्वावर संशोधन होतं. 'मुळशी तालुक्यातील सेवक-नेते: एक शोध', पानं ब्याऐंशी. परीक्षकाचंच पुस्तक घेतलं की परीक्षक खूश होणार, असा विश्रामरावांनी हिशेब केला. उभ्या जन्मात त्यांनी केलेला हा एकमेव धूर्त विचार.

सेवक-नेता म्हणजे स्वतःआधी दुसऱ्याचं बघणारा, हुकूम न सोडता लोकांना पुढे नेणारा माणूस. सावळेकर सरांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावल्या देऊन त्यांना गावोगाव पाठवलं होतं. 'तुमच्या समूहाचा नेता कोण? तो इतरांच्या गरजा स्वतःआधी पाहतो का? एक ते पाचमध्ये गुण द्या.' तिसऱ्या पानावर उद्देश छापला होता: 'तालुक्यातील खऱ्या सेवक-नेत्यांचा शोध घेणे, जेणेकरून समाज त्यांच्यापासून शिकेल.' आणि तक्ता क्रमांक सातमध्ये सगळ्यांत वर नाव होतं श्री. सर्जेराव, कासारसाई. पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश. वय साठ. शिक्षण नाही. व्यवसाय समाजकार्य.

"उद्देश काय, तर समाजाने यांच्यापासून शिकावं," विश्रामराव मेधाला म्हणाले. "मग समाज शिकला का, हे बघितल्याशिवाय मूल्यमापन कसं करणार? सर्जेरावांना भेटायला हवं."

"एका पानासाठी?"

"वीस गुण आहेत."

मेधाने कणीक मळणं थांबवलं नाही. ती वाशिमची, तिला आश्चर्य वाटलं की जुना शब्द तोंडात यायचा. "काहून उगाच लचांड मागे लावून घेता? लोक पान तीन वाचतात अन् लिहितात. तुम्हालाच मेलं प्रत्यक्ष बघायचं असतं."

खाली अंगणात घरमालक कोंडाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेताच्या जागी आता काचेची इमारत होती आणि गोठ्याच्या जागी तीन मजले भाड्याच्या खोल्या होत्या, त्यामुळे त्यांना बसण्याखेरीज कामच उरलं नव्हतं. हातात कागद दिसला म्हणून ते विश्रामरावांना मास्तर म्हणत. सगळा प्रकार ऐकून घेऊन ते म्हणाले, "सेवा करनारा म्होरक्या पायजे व्हय? मग मास्तर, कासारसाईला कशाला जाताय? मी हितं बसलोय की."

"सर्वेक्षणात तुमचं नाव नाही."

"आसं कसं न्हाई? तुमास्नी पानी कोन सोडतंय रोज?"

पाणी दिवसाआड येत होतं. पण भाडेकरूने घरमालकाच्या सेवेचं मूल्यमापन करू नये, इतपत शहाणपण विश्रामरावांपाशी होतं.

पहिल्या रविवारी ते स्कूटर घेऊन कासारसाईला गेले. धरणाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "इथे सर्जेराव कुठे राहतात?" टपरीत पाच माणसं होती. पाचही जणांनी त्यांच्या काखेतल्या फायलीकडे पाहिलं आणि पाचही जण चहा पिऊ लागले. शेवटी एकाने विचारलं, "जमिनीचं काय हाय का?"

"नाही. नेतृत्वाचं आहे."

"मंग न्हाई म्हाईत," तो म्हणाला. जमिनीचं असतं तरी त्याला माहीत नसतंच, हे विश्रामरावांना परतीच्या वाटेवर कळलं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी फाईल डिकीत ठेवली आणि काखेत कलिंगड घेतलं. पाहुणा वाटावं म्हणून. एका म्हातारीने त्यांना कुणाच्या तरी साखरपुड्याला आलेले समजून थेट मांडवात नेलं. जेवण झालं, पोशाख म्हणून टॉवेल-टोपीही मिळाली, मुलीच्या मामाने 'वळख ठेवा' म्हणून मिठी मारली. सर्जेराव मात्र मिळाले नाहीत. घरी आल्यावर मेधाने ती टॉवेल-टोपी उलटसुलट करून पाहिली आणि मूल्यमापन कुठवर आलं ते विचारलं. कोंडाजींनी त्या दिवशी दोनदा पाणी सोडलं आणि दोन्ही वेळा खालून ओरडून तसं कळवलं.

इथवर आल्यावर दुसरा कुणी झेरॉक्सवाल्याकडे गेला असता. पण विश्रामराव आता पेटले होते. तिसऱ्या रविवारी ते कुणालाही काही न विचारता गावाबाहेरच्या रस्त्याने फिरत राहिले. ऊस तुटून गेलेल्या एका रानात त्यांना मेंढपाळांचा तळ दिसला. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, तसा. तीन दगडांच्या चुलीपाशी एक बाई बसली होती आणि दोन कुत्री विश्रामरावांच्या दिशेने निघाली होती. स्कूटरवर उभं राहता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बाईने कुत्री मागे बोलावली. तिचं नाव तानूबाई. विश्रामराव खाली उतरले, शर्ट खोचला आणि जितकं रुबाबात बोलता येईल तितकं रुबाबात म्हणाले, "सर्जेराव साहेबांना भेटायचं होतं."

तानूबाईने त्यांना नीट पाहून घेतलं. "त्ये व्हय. त्ये चराय गेल्यात."

माणूस चरायला जात नाही, हे विश्रामरावांना ठाऊक होतं. पण ग्रामीण बोलीत जेवायला जाण्याला तसं म्हणत असतील अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि गोणपाटावर बसून वही उघडली. वाट बघता बघता चार प्रश्न उरकून घ्यावेत, असा त्यांचा विचार होता.

"स्वभावाने कसे आहेत?"

"गरीब. पर हट्टी लई."

"लोकांच्या पुढे राहतात की मागे?"

"कायम म्होरं. वढ्याला पानी आसलं तर आदी त्ये उतरत्यात. खोल न्हाई आसं दिसलं मंग बाकीची."

विश्रामरावांनी 'धोका प्रथम स्वतः पत्करतात' असं लिहिलं. त्यांचा ऊर भरून आला होता. "स्वतःसाठी काही मागतात का कधी?"

"मागत न्हाईत. घावंल त्ये खात्यात. परवा दिशी माजं लुगडं खाल्लं."

पेन थांबलं. इथे विचारी माणसाने वही मिटली असती. विश्रामरावांनी तसं न करता मान हलवली आणि 'अन्नाबाबत निरिच्छ' एवढंच लिहिलं, लुगड्याचा उल्लेख शिष्टाचार म्हणून गाळला. तानूबाई चुलीत काटक्या सारत होती. तिचे खांदे हलत होते, धुरामुळे असतील.

दिवस कलला तशी समोरच्या टेकाडावरून धूळ उठली. मेंढरं आली, शंभर-सव्वाशे असतील. आणि त्यांच्या पुढे एकटा, गळ्यात घुंगूर घातलेला, कान फाटलेला, काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक बोकड चालत आला.

"ह्ये बगा," तानूबाई म्हणाली, "आलं तुमचं सायेब."

विश्रामराव तोवर उठून उभे राहिले होते आणि त्यांचे हात नमस्कारासाठी जोडले गेले होते. जोडलेले हात खाली घ्यायची रीत कुणी शिकवलेली नसते. त्यांनी नमस्कार पुरा केला. सर्जेरावांनी त्यांच्या वहीचा कोपरा हुंगला आणि चावला.

मेंढरांच्या मागून बाजी आला, तानूबाईचा नवरा. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडं. झाला प्रकार ऐकून तो हसला नाही, म्हणून विश्रामरावांना त्याच्याबद्दल जन्मभराचा आदर वाटला. तो बोकडाच्या पाठीवर हात ठेवून सांगू लागला.

"ती पोरं आली व्हती कागद घिऊन. तुमचा म्होरक्या कोन म्हनून. आता सायेब, कागद घिऊन आलेल्या मानसाला मानसाचं नाव सांगायचं न्हाई, ह्ये आमी मान गावात शिकलो. तितं माज्या बापाचं नाव आसंच इच्यारलं एकानं. म्हनला, गायरानावर चारनाऱ्यांचा म्होरक्या कोन? बाप म्हनला, मी. पुढल्या म्हैन्यात त्याच नावानं नोटीस. चार वर्सं हेलपाटं घातलं म्हाताऱ्यानं. मेला तवाबी तारीख पडल्याली व्हती."

"म्हणून तुम्ही खोटं सांगितलं?"

"खोटं?" बाजीचा आवाज चढला नाही, पण तो सरळ उभा राहिला. "आमी कुटं खोटं बोललो? म्होरक्या कोन, तर सर्जा. वय काय, तर सा. काम काय, तर म्होरं चालतुया. सगळं खरं सांगितलं. 'श्री' त्यांनी घातलं."

विश्रामरावांनी तक्ता डोळ्यांसमोर आणला. सहाचे साठ कुणीतरी संगणकापुढे बसून, शून्य राहिलं असेल म्हणून, भल्या मनाने केले होते. पुढे चालण्याचं समाजकार्यही तिथेच झालं होतं.

"पण मग प्रत्यक्षात, म्हणजे माणसांमध्ये, तुम्हीच नेते ना?"

"मानूस म्होरं घातला की त्यो दर चार पावलाला मागं वळून बगतुया, कुनी आपल्याकडं बगतंय का," बाजी म्हणाला. "सर्जा बगत न्हाई. मेंढरू येकलं म्होरं व्हत न्हाई सायेब, त्याला कुनीतरी आदी जाऊन दाखवायला लागतंय. मानच्या बाजूला त्या भिंती झाल्यात ना, तितं गटारावर फळी टाकलीय. समदी अडून बसली व्हती. सर्जा गेला, पडला, कान फाटला, परत चढून गेला. मंग गेली सगळी."

निघताना त्याने विश्रामरावांचा हात धरला. "लिवा खुशाल. पर आमचं नाव लिवू नका. सर्जाचं लिवा."

विश्रामरावांनी शब्द दिला. शब्द देताना आपण अधिकाऱ्याची जागा देतो आहोत, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी दिला असता, असं त्यांना पुढे नेहमी वाटायचं.

घरी येऊन त्यांनी त्याच वहीतलं एक पान एका बैठकीत लिहिलं. 'या संशोधनाचा उद्देश खऱ्या सेवक-नेत्याचा शोध घेणे हा होता. तो शोध लागला आहे. परंतु कागद कशासाठी आहे हे संशोधकांनी समाजाला सांगितले नाही. त्यामुळे समाजाने आपली माणसे लपवली व आपला बोकड दिला. बोकडाला मिळालेले गुण योग्य आहेत. संशोधनाच्या उद्देशाला किती द्यावेत हे मात्र मला ठरवता येत नाही.' खाली सही, तारीख आणि सर्जेरावांच्या दातांचा ठसा.

केंद्रातल्या कारकुनाने पान हातात घेतलं आणि समास बोटाने मोजला. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या संशोधनाचं मूल्यमापन आहे. संशोधकाचं ना-हरकत पत्र लागेल." संशोधक पलीकडच्याच खोलीत बसले होते. पण त्यांना भेटायला अर्ज लागत होता, अर्ज कारकुनाकडे द्यायचा होता आणि कारकुनाची जेवणाची वेळ झाली होती. तीन हेलपाट्यांनंतर विश्रामराव सावळेकर सरांसमोर बसले. खाली कुणाचं तरी लग्न लागत होतं. सरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मानोरकर," ते म्हणाले, "हे तुम्ही कुणाला दाखवलंय?"

"बायकोला."

सरांनी खणातून एक निमंत्रणपत्रिका काढून पुढे सरकवली. सोनेरी कड होती. प्रबोधिनीचा वर्धापनदिन, मार्चचा दुसरा रविवार. 'मुळशी सेवक-नेता पुरस्कार: श्री. सर्जेराव (कासारसाई)'. मुख्य केंद्रातून अध्यक्ष येणार होते. शाल आली होती. सन्मानचिन्हावर नाव कोरून झालं होतं.

"माणूस सापडत नव्हता," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "तीनदा विद्यार्थी पाठवले. मला वाटलं, खरा सेवक-नेता प्रसिद्धीपासून दूर पळतोय. मी तसं भाषणही लिहिलंय." मग ते सावरून बसले. "असं करा. त्या बोकडाच्या मालकाचं नाव द्या. तोच सर्जेराव, असं आपण धरू. तुमचा स्वाध्याय आजच मान्य करतो."

"त्याचं नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय."

"मग दुसरा कुणी आणा. पागोट्यातला, साठीचा, चारचौघांत शोभेलसा. वीसपैकी वीस देतो."

विश्रामरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मध्यमवर्गीय माणसाला या दोहोंच्या मधली एक जागा पाठ असते. घरी आल्यावर त्यांनी ही हकिगत अंगणातच मेधाला सांगितली, हा त्यांचा गाढवपणा. कोंडाजींनी खुर्ची पुढे ओढली. "शाल हाय म्हनता? मंग त्यात काय? मी व्हतो सर्जेराव. माज्या चुलत्याचं नावबी सर्जेरावच व्हतं." दुसऱ्याच दिवशी ते परस्पर पौडला जाऊन आले आणि तिकडून फेटा बांधूनच परतले.

वर्धापनदिनाला मंगल कार्यालयाचं दालन भरलं होतं. व्यासपीठावर अध्यक्ष, सावळेकर सर आणि मधोमध कोंडाजी, गळ्यातली सोनसाखळी तक्त्यातल्या 'शिक्षण नाही'ला शोभावं म्हणून शर्टाच्या आत दडवून. कौस्तुभ पुढच्या रांगेत होता. मेधा इस्त्रीची साडी नेसून मागे बसली होती. काहीही झालं तरी आज नवरा पास होणार, असं तिने धरलेलं होतं. पुरस्कारापूर्वी कारकून एक छापील कागद घेऊन विश्रामरावांकडे आला. 'पुरस्कारप्राप्त व्यक्तीस मी प्रत्यक्ष भेटलो असून त्यांची ओळख पटवतो.' अख्ख्या तालुक्यात सर्जेरावांना प्रत्यक्ष भेटलेला सुशिक्षित माणूस एकच होता.

"इथे सही," कारकून म्हणाला, "आणि मग माइकवर दोन शब्द परिचयाचे. तुमचं मान्यतापत्र सरांच्या खिशात आहे."

विश्रामरावांनी पेन उघडलं. नोकरीच्या एकवीस वर्षांत त्यांनी पुढ्यात येईल त्यावर सही केली होती. न मोजलेल्या बाटल्या मिळाल्या म्हणून, न दुरुस्त झालेल्या खुर्च्या दुरुस्त झाल्या म्हणून, न झालेल्या बैठकांना उपस्थित होतो म्हणून. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी खरोखर जाऊन, कुत्र्यांना तोंड देऊन, डोळ्यांनी पाहिली होती, आणि नेमकी तीच न पाहिल्यासारखी करायची होती. त्यांना राग आला. सावळेकरांचा नाही, कोंडाजींचा तर नाहीच. आपण पेन उघडलं याचा आला. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि सही न करता माइककडे गेले.

"मी सर्जेरावांना भेटलो आहे," ते म्हणाले. "ते वाट माहीत नसली तरी पुढे जातात. पडले तर उठून पुन्हा जातात. मागे किती आले हे मोजत नाहीत. त्यांच्याविषयी या पुस्तकात लिहिलेला प्रत्येक गुण खरा आहे."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कोंडाजींकडे कौतुकाने पाहिलं, कोंडाजींनी मान लववली.

"परंतु ते आज इथे उपस्थित नाहीत," विश्रामराव पुढे म्हणाले. "त्यांना कुणी बोलावलंही नाही. बोलावलं असतं आणि ही शाल दिली असती, तर त्यांनी ती खाल्ली असती. सर्जेराव हा कासारसाईचा बोकड आहे. तो कुणाचा आहे ते मी सांगणार नाही, कारण ती माणसं कागदाला भितात, आणि त्यांचं भिणं बरोबर आहे. हे व्यासपीठावर बसलेत ते माझे घरमालक आहेत. त्यांची ओळख मी जरूर पटवतो. पाणी दिवसाआड येतं."

मग मागून मेधा हसली. ती एरवी पदर तोंडाशी धरून हसते, आज तो हातात राहून गेला. तिच्या मागोमाग अख्खी शेवटची रांग हसली. कोंडाजी फेटा सावरत उठले आणि भर सभेत विचारते झाले, "मंग शाल कुनाची?" त्याचं उत्तर कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. अध्यक्ष तब्येतीचं कारण सांगून निघून गेले आणि सावळेकर सरांनी खिशातलं मान्यतापत्र काढून, चार घड्या करून, परत खिशात ठेवलं.

परत येताना स्कूटरवर, माण जवळ आल्यावर मेधा म्हणाली, "जागा गेली ना?"

"गेली."

"जाऊ द्या. आज मला तुमच्याबरोबर बसायला बरं वाटलं." त्यांच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. विश्रामरावांना रस्ता नीट दिसेना, तेव्हा त्यांनी धुळीचं निमित्त करून स्कूटर बाजूला घेतली.

स्वाध्यायाला वीसपैकी शून्य पडलं. एप्रिलमध्ये कौस्तुभ अधिकारी झाला. पहिल्या दिवशी विश्रामरावांनी त्याला 'सर' म्हटलं, तसा तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "काका, प्लीज." तो शब्द त्या दिवशी लागला नाही. कोंडाजींनी पाणी चार दिवसांआड केलं, तेव्हा मेधाने सोसायटीतल्या फ्लॅट-बिटची स्वप्नं बाजूला ठेवून पलीकडच्या आळीत दोन खोल्या पाहिल्या आणि सामान हलवलं.

प्रबोधिनीच्या नियमांत नापास विद्यार्थ्याला दरवर्षी एकदा सुधारित स्वाध्याय देता येतो. पुढच्या जानेवारीत विश्रामराव पौडच्या खिडकीपाशी उभे राहिले आणि त्यांनी पान आत सरकवलं. कारकुनाने ते गेल्या वर्षीच्या पानाशेजारी ठेवलं, एकेक ओळ ताडून पाहिली आणि वर बघितलं.

"हे तर तेच आहे."

"हो."

"असं चालत नाही मानोरकर. 'केलेली सुधारणा' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी लिहावंच लागतं."

"मग लिहा," विश्रामराव म्हणाले, आणि कारकुनाने पेन टेकवेपर्यंत थांबून, एकेक शब्द सांगत गेले. "विद्यार्थ्याने यंदा पुन्हा जागेवर जाऊन पाहिले. अजूनही बोकडच आहे."